लिंकिंगचे मूळ दुकानात नाही


खताचे लिंकिंग, म्हणजे खतासोबत दुसरा माल घेण्याची सक्ती, करणाऱ्या कृषी सेवा केंद्रांवर भरारी पथकाने छापे टाकल्याची आणि काहींचे परवाने निलंबित केल्याची बातमी याच आठवड्यात आपल्या अंकात वाचली. दर खरिपात हा कार्यक्रम होतो, फोटो छापून येतात आणि खताची पुढची रेक लागली की पुन्हा तेच सुरू. खत कंपनीच्या गोदामात मात्र एकही पथक शिरल्याचे वाचनात नाही.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. मक्याला दुसरा हप्ता द्यायचा म्हणून दोन गोण्या मागितल्या, तर सोबत ३५० रुपयांची टॉनिकची बाटली गळ्यात मारली. म्हणजे गोणी पडली ४४१ रुपये ५० पैशांना! बिले दोन फाडली. युरियाचे पॉस मशीनवर अंगठा घेऊन, बाटलीचे वेगळे. कागदावर सगळे चोख: छापील किमतीपेक्षा एक पैसा जास्त नाही आणि बाटली मी हौसेने नेलेली. तालुक्याला तक्रार घेऊन गेलो तर ‘जादा दराची पावती दाखवा’ म्हणतात.

दुकानदाराशी भांडलो, तेव्हा त्याने आपलेच बिल पुढे केले. युरियाच्या गाडीबरोबर कंपनीने बाटल्यांचे खोके त्याच्याही माथी मारलेले. नको म्हटले तर पुढच्या रेकचा माल शेजारच्या दुकानात उतरणार. युरियावर त्याला गोणीमागे पंधरा-सोळा रुपये सुटतात, त्यातच भाडे आणि हमाली. तो काही धुतल्या तांदळासारखा नाही, टॉनिकवर त्याचेही बरे सुटते. पण परवाना त्याचाच निलंबित होतो आणि खोके पाठवणारा पुढच्या हंगामाचे टार्गेट ठरवत बसतो.

एका मालासोबत दुसरा माल घ्यायला लावणारा करार स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(४) मध्ये स्पष्ट नमूद आहे. याच कलमाखाली, विक्रेत्यांना गिऱ्हाइकाला जादा सूट देऊ दिली नाही म्हणून स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, ते असो. मोटारीवरच्या सवलतीसाठी आयोग एवढा जागा होतो, मग गोणीसाठी का नाही?

पुरावा शोधायलाही लांब जायला नको. कोणत्या विक्रेत्याला कोणत्या तारखेला किती युरिया दिला, याची नोंद सरकारच्या संगणकात आहेच. त्याच विक्रेत्याच्या नावे त्याच आठवड्यात कंपनीने विनाअनुदानित मालाची किती बिले फाडली, एवढे जुळवून पाहा. २०१८ पासून अनुदानाचे पैसे पॉसवर विक्री झाल्यावरच कंपनीला मिळतात. म्हणजे नाडी सरकारच्याच हातात आहे. एका जिल्ह्यातले एका महिन्याचे अनुदान अडवून पाहा, खोके आपोआप गोदामात राहतील. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून ही सक्ती तातडीने थांबवायला सांगितले होते. पत्रे लिहून हे थांबणार असते तर आम्हीच कधीचे थांबवले असते.

जाता जाता आणखी एक. दुकानात साठा आणि दर यांचा फलक लावणे बंधनकारक आहे. आमच्या बाजारपेठेतल्या बहुतेक फलकांवर युरियापुढे शून्य लिहिलेले असते आणि मागच्या दाराने ट्रॅक्टर भरत असतो. छापा घालणाऱ्या साहेबांनी निदान तो फलक वाचून गोदामातल्या गोण्या मोजाव्यात, आणि तो आकडा दुकानाच्या नावासह आपल्याच वृत्तपत्रात छापायला द्यावा.

– एक मका उत्पादक, सिल्लोड