आधी खडक मुरू द्या, मग मासे सोडा

शोभिवंत सागरी माशांच्या पूरक व्यवसायाकडे वळणारे तरुण शेतकरी टाकी भरताच मासे सोडण्याची घाई करतात. ही घाई मला कच्चे शेणखत शेतात पसरण्यासारखी वाटते. न कुजलेल्या खतातून हुमणी शेतात शिरते. न मुरलेल्या खडकातून अमोनिया टाकीत उतरतो.

‘जिवंत खडक’ म्हणजे प्रवाळांच्या मृत सांगाड्यांचा सच्छिद्र दगड. त्यात जिवाणू, स्पंज, कृमी वस्तीला असतात. वाहतुकीत त्यांतील अनेक जीव मरून कुजू लागतात. म्हणून खडक वेगळ्या टाकीत, खेळत्या खाऱ्या पाण्यात, शक्यतो अंधारात ठेवावा. मृत भाग घासून काढावा व पाणी बदलत राहावे. जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर येऊन स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. याच काळात लपून आलेले उपद्रवी खेकडे व समुद्रफुलेही वेचून काढता येतात.

मात्र आपल्याकडे कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. त्यामुळे समुद्रातून खडक तोडून आणण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. सिमेंटचा कृत्रिम खडक घ्यावा, सामू उतरेपर्यंत तो गोड्या पाण्यात भिजवावा आणि नंतर खाऱ्या पाण्यात त्यावर जिवाणू रुजू द्यावेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रकल्प आराखड्यातच हे आठवडे धरावेत. कर्ज काढून आणलेले मासे पहिल्याच पंधरवड्यात गमावण्यापेक्षा रिकामी टाकी राखणे स्वस्त पडते.