बाळंतिणीच्या हातातला मोबाइल

रात्रीचे दोन. पंचवटीत माहेरी आलेली बाळंतीण, कुशीत रडणारं बाळ आणि हातात मोबाइल. ‘दूध पुरत नाही’ असं शोधलं की दूध वाढवणाऱ्या पावडरींचे व्हिडिओ हजर. व्हिडिओ लाखोंनी पाहिला, म्हणून सांगणारा जाणकार ठरतो का?

अशा व्हिडिओत आम्ही आधी एकच पाहतो: बाळाचं तोंड स्तनावर कसं दाखवलंय. आयआयटी मुंबईच्या ‘हेल्थ स्पोकन ट्युटोरियल’चे, डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखालचे व्हिडिओ मराठीतही आहेत. त्यांत हे सावकाश उलगडून दाखवलंय. वडापाव आपण दाबून, मोठा आ करून खातो ना, अगदी तसं बाळाने स्तन तोंडात घ्यायचं. नुसतं बोंड तोंडात गेलं तर आईला चिरा पडतात आणि बाळाचं पोट भरत नाही. नीट धरलं असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडाभोवतीचा काळसर भाग वरून जास्त दिसणारा, खालून कमी. हे एकदा नीट पाहिलं की निम्मी भीती ओसरते.

पहिल्या चिकाऐवजी मध चाटवा, सहा महिन्यांच्या आत पाणी पाजा, असं सांगणारा व्हिडिओ खुशाल बंद करा. मग तो आजीने का पाठवलेला असेना! आईच्या दुधाऐवजी बाळाच्या दूध पावडरीचा डबा पुढे करणाऱ्याला तर कायद्याचीच आडकाठी आहे. आईच्या दुधाच्या पर्यायांविषयीचा १९९२ चा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या अशा जाहिरातींवर बंदी आहे.

बाळ पाच दिवसांचं झाल्यावरही दिवसातून सहापेक्षा कमी वेळा शू करत असेल, तर मोबाइल बाजूला ठेवा आणि आशाताईंना बोलवा, नाहीतर सरळ दवाखाना गाठा.