परदेशातील सेवा आणि अभयदान

उन्हाळी सुट्टी जवळ आली की ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील काही व्यापारी कुटुंबांत एका नव्या प्रवासाची चर्चा सुरू होते. महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी दोन-तीन आठवडे नेपाळ, कंबोडिया वा टांझानियात जाऊन लहान मुलांना शिकविणार, आरोग्यकेंद्रात मदत करणार आणि येताना प्रमाणपत्र आणणार. हेतू उत्तम असतो. शुल्क, विमानभाडे व निवासाचा खर्च पालक आनंदाने सोसतात.

श्रावकाचारात आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. बालआरोग्याचे कार्य हे औषधदान, तर बालशिक्षण हे ज्ञानदान. मात्र तत्त्वार्थसूत्रकारांनी दानाचे श्रेष्ठत्व विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांवर अवलंबून ठेवले आहे. व्यापारी माणसाला याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. माल, देणारा, घेणारा आणि व्यवहाराची रीत यांपैकी एक जरी खोटे निघाले, तरी सौदा बुडतो.

दात्याची योग्यता कशी कमवावी लागते, याचे उदाहरण कल्याणचेच आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे बाळ उपचारांअभावी अवघे दहा दिवस जगले. ते दुःख उराशी धरून त्या १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळविली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. परदेशगमन त्यांनी शिकण्यासाठी केले; शिकल्यावाचून दुसऱ्याच्या बाळाला हात लावण्याचा अधिकार त्यांनी मानला नाही.

अपुऱ्या तयारीने केलेल्या सेवेचा भार मुलांवरच पडतो. कंबोडियातील अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले आहे. पाहुणे येतात, त्यांच्यामागे पैसा येतो. म्हणून गरीब घरांतील मुले संस्थांत आणून ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ च्या अहवालात या प्रकाराची गंभीर दखल घेतली. शिवाय दर महिन्याला नवा ताई-दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो. अशा वेळी ज्ञानदानाच्या नावाखाली अभयदानालाच धक्का लागतो.

चिकाटीचा आदर्श पाहण्यासाठीही दूर जावे लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आदिवासी व ग्रामीण बालकांसाठी काम उभे केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यात आरंभापासून होत्या आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविली. ही सत्तेचाळीस वर्षांची साधना होती.

याचा अर्थ मुलांना परदेशी पाठवूच नये असा नाही. शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी काही प्रश्न मात्र अवश्य विचारावेत. भरलेल्या रकमेतील किती भाग मुलांपर्यंत पोहोचतो? स्थानिक शिक्षिकेचे काम हिरावले तर जात नाही ना? स्वयंसेवकांची पूर्वचौकशी होते का? मुलांची छायाचित्रे काढण्याबाबत काय नियम आहेत? स्वयंसेवक परतल्यावर काम कोण चालविते? समाधानकारक उत्तरे मिळत नसतील, तर तो प्रवास सहल म्हणून करावा. त्याला सेवेचे नाव देऊ नये.

आणि ज्याला खरोखर सेवा शिकावयाची आहे, त्याने आधी वर्षभर दर रविवारी मुरबाड वा शहापूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावर, तेथील शिक्षकांच्या हाताखाली काम करावे. जो बावन्न रविवार टिकला, त्याला पुढे जगाच्या पाठीवर कोठेही पाठविण्यास हरकत नाही.