निदानाचे मोल

व्यापाऱ्याची पत जितकी त्याच्या मालावर, तितकीच तो माल ठरल्या वेळी पोहोचण्यावर अवलंबून असते. बेळगावच्या रविवार पेठेतून पहाटे निघालेली गाडी चोर्ला घाटात बंद पडली, तर गोव्यातील गिऱ्हाईक आपली अडचण ऐकत बसत नाही. ते दुसऱ्या पेढीकडे मागणी नोंदविते. इंजिन व टायर यांची काळजी आपले सभासद बंधू घेतातच. परंतु आजच्या गाडीत तारांचे मोठे जाळे असते आणि त्यातील दोष डोळ्यांना दिसत नाही. तो शोधणारा कुशल ऑटो इलेक्ट्रिशियन आज दुर्मिळ झाला आहे, आणि या दुर्मिळतेस आपणही काही अंशी कारण आहोत, असे माझे नम्र मत आहे.

सकाळी सेल्फ लागत नाही, ही नेहमीची तक्रार घ्या. बॅटरी जीर्ण झाली असेल, डायनॅमो चार्जिंग करीत नसेल, अर्थिंगच्या जोडावर गंज चढला असेल, किंवा गाडी उभी असताना एखादे उपकरण रात्रभर वीज ओढीत असेल. लक्षण एक, कारणे चार. अर्धवट कारागीर पाहताक्षणीच ‘बॅटरी बदला’ म्हणतो. नवी बॅटरी चार दिवस चालते आणि मूळ दोष तिलाही खातो. जाणता कारागीर आधी प्रश्न विचारतो आणि मग मीटर लावतो. बारा व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता हा आकडा सुमारे 14 पर्यंत चढावयास हवा. तो न चढल्यास दोष चार्जिंगकडे शोधावयाचा, बॅटरीकडे नव्हे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या आणि स्कॅनर घरोघरच्या बोलण्यात आला. पण स्कॅनर कोणत्या भागातून तक्रार आहे एवढेच सांगतो. सेन्सर बिघडला की त्याची तार तुटली, हे माणसानेच तपासावे लागते. आणि वारंवार जळणाऱ्या फ्यूजच्या जागी जो जाड तार बसवितो, त्याच्या हाती गाडी कधीही देऊ नये. तेथून आग फार दूर नसते.

आता आपल्या हिशेबाकडे वळू. कारागिराने दोन तास खपून गंजलेला एक जोड शोधला, घासून आवळला आणि गाडी सुरू केली, तर आपण म्हणतो, “एक तार तर आवळली, त्याचे कसले पैसे?” त्याच कारागिराने नवा डायनॅमो बसविला असता, तर आपण मुकाट्याने बिल चुकते केले असते. म्हणजे खरे निदान करणाऱ्यास आपण उपाशी ठेवतो आणि सुटे भाग खपविणाऱ्यास पोसतो. हुशार मुलगा यातून योग्य तो धडा घेतो आणि मीटर बाजूला ठेवतो.

शास्त्रार्थ करण्याचा माझा अधिकार नाही. तथापि श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताच्या, म्हणजे अचौर्याच्या अतिचारांत कमीजास्त मापे वापरणे गणले आहे, हे आपण सर्व जाणतो. धान्याच्या मापात जो नियम पाळावयाचा, तोच दुसऱ्याच्या ज्ञानाचे आणि वेळेचे माप करताना पाळू नये काय?

कोणी म्हणेल की तपासणीचे पैसे देऊ लागलो, तर कारागीर वेळ लांबवील. ही शंका रास्त आहे. म्हणूनच तपासणीची मजुरी आधी ठरवावी, मीटरवरील आकडे समोर पाहावेत आणि बदललेला जुना भाग परत मागावा. प्रामाणिक कारागिरास यात काहीच जड जाणार नाही.

संघाकडे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, सभासदांच्या अनुभवावरून विश्वासू कारागिरांची नोंदवही संघाच्या कार्यालयात ठेवावी. दुसरी, आयटीआयमध्ये हा विषय शिकलेल्या एकदोन होतकरू तरुणांना दरवर्षी चांगला मीटर व हत्यारे घेण्यास साहाय्य करावे. त्यांची जात वा धर्म पाहू नये. मात्र या दोन्ही गोष्टी होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी गॅरेजचे बिल हाती येईल, तेव्हा त्यात ‘तपासणी’ अशी स्वतंत्र ओळ आपणच मागून घ्यावी आणि ती रक्कम घासाघीस न करता द्यावी.