विश्लेषण : दोन ‘फुले मंडया’ आणि एक जुना प्रश्न… ऐतिहासिक बाजारांचे नूतनीकरण इतके अवघड का?

मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्यातील मंडई या दोन्ही एकोणिसाव्या शतकातील इमारतींना आज महात्मा फुले यांचे नाव आहे. पुण्यात मंडई हे भुयारी मेट्रो स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले, तर मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये क्रॉफर्ड मार्केटच्या जवळ, सीएसएमटीपर्यंत पोहोचली. त्यामुळे या जागांचे मोल आणखी वाढणार आहे. अशा वेळी जुनी मंडई दुरुस्त करायची म्हणजे नेमके काय वाचवायचे, असा प्रश्न आहे.

क्रॉफर्ड मार्केट कसे उभे राहिले?

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव वाढले आणि १८६०च्या दशकात मुंबईत पैसा आला. किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, शहर उत्तरेकडे पसरू लागले. रस्त्यावर आणि अरुंद गल्ल्यांत भरणारे भाजी, फळे, मांस-मासळीचे बाजार आरोग्यासाठी घातक ठरत होते. १८६५ मध्ये मुंबईचे पहिले पालिका आयुक्त झालेले आर्थर क्रॉफर्ड यांनी प्रशस्त, हवेशीर मंडईचा आग्रह धरला. विल्यम इमर्सन यांनी आराखडा केला आणि १८६९ मध्ये इमारत पूर्ण झाली. कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियलही पुढे याच इमर्सन यांनी घडवले. कुर्ल्याचा फिकट पिवळसर दगड, वसईचा लालसर दगड आणि वर लोखंडी कैच्यांचे उंच छप्पर अशी तिची रचना आहे. प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची शिल्पे आणि आतील कारंजे ही शेजारच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकवणारे लॉकवुड किपलिंग यांची निर्मिती. १८८२ मध्ये येथे विजेचे दिवे लागले. विजेने उजळलेली देशातील पहिली इमारत म्हणून तिचा उल्लेख केला जातो.

तेव्हा खर्चावरून वाद झाला होता का?

झाला होता, आणि तो साधा नव्हता. १८६५ मध्ये कापसाचा फुगा फुटला, शेअर बाजार कोसळला. क्रॉफर्ड यांचा कामांचा धडाका मात्र सुरूच राहिला. रस्ते, गटारे, बाजार अशी कामे झाली, पण पालिकेवर कर्ज चढले आणि बोजा करदात्यांवर आला. १८७१ मध्ये करदात्यांनी आंदोलन उभारले. आयुक्ताच्या हाती असलेल्या अनियंत्रित खर्चावर सभांमधून टीका झाली. तरुण फिरोजशहा मेहता यांनी क्रॉफर्ड यांच्या कामांचे समर्थन केले, पण कारभारावर लोकनियुक्त सदस्यांचा अंकुश हवा, अशी मांडणीही केली. क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले. १८७२च्या कायद्याने ६४ सदस्यांची पालिका आली. त्यातील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे होते. ज्या उधळपट्टीवरून हा वाद पेटला, तिच्यात या मंडईचाही वाटा होता.

पुण्यात फुले यांचा विरोध कशाला होता?

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरासाठी भव्य मंडई बांधण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. प्रस्ताव मंजूर झाला. मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून फाकणारे पाखे अशी ही इमारत १८८६ मध्ये खुली झाली आणि तत्कालीन गव्हर्नरांवरून तिला ‘रे मार्केट’ म्हटले गेले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकेत असलेल्या आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्यांनी मंडईच्या खर्चाला विरोध केला, त्यांचेच नाव तिला लागले. हा विरोधाभास गमतीचा वाटेल, पण फुले यांचा प्रश्न आजही लागू पडतो : सार्वजनिक पैसा इमारतीवर खर्च होतो, तेव्हा त्याचा लाभ कोणाला होतो?

दगडी इमारतीची दुरुस्ती वेगळी का?

या इमारती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. दुरुस्तीत सिमेंट वापरले तर ओल आत अडकते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. त्यामुळे स्वस्त आणि झटपट डागडुजी बहुधा नुकसानच करते. लोखंडी कैच्या गंजतात, कौले फुटतात, पोटमाळे आणि वाढीव फळ्यांमुळे भार वाढतो, उघड्या वायरींमुळे आगीचा धोका राहतो. क्रॉफर्ड मार्केटमधील किपलिंग यांच्या कारंज्यावर तर वर्षानुवर्षे रंगांचे थर चढत गेले होते. ते काढून मूळ दगड उघडा करणे हे कुशल कारागिरांचे काम आहे.

पुनर्विकास की जतन?

क्रॉफर्ड मार्केटच्या पुनर्विकासासाठी एका खासगी विकासकाचा प्रस्ताव २००७च्या सुमारास पुढे आला. मोक्याचा भूखंड विकासकाच्या हाती जाईल, अशी टीका झाली आणि वारसाप्रेमींच्या विरोधानंतर तो मागे पडला. पुढे महापालिकेनेच काम हाती घेतले. पहिल्या टप्प्यात मूळ वारसा इमारतीचे जतन आणि नंतर मागील भागात नव्या इमारती, अशी विभागणी झाली. वारसा वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली मूळ इमारतीचे काम झाले. यात पालिकेचा पैसा लागतो, पण जमीन सार्वजनिक राहते.

काम पुढे ढकलण्याचीही किंमत असते. म्हैसूरच्या देवराज मार्केटच्या उत्तरेकडील प्रवेशद्वाराचा भाग २०१६ मध्ये कोसळला. त्यानंतर इमारत पाडायची की दुरुस्त करायची, यावरून वर्षानुवर्षे न्यायालयीन वाद चालला. वेळीच केलेली दुरुस्ती टळली की पाडकामाची बाजू आपोआप बळकट होते.

विक्रेत्यांना भीती कशाची?

‘तात्पुरते’ या शब्दाची. मंडई बंद ठेवून दुरुस्ती करता येत नाही, कारण नाशवंत मालाचा धंदा महिनाभर थांबला तरी गिऱ्हाईक तुटते. दुसरीकडे हलवले तर परतीची खात्री काय? जुने भाडे आणि तोच गाळा मिळेल का? मुंबईत पलटण रोडवरील छत्रपती शिवाजी महाराज मंडईतील मासळी विक्रेत्यांना इमारत धोकादायक ठरल्याने २०२१ मध्ये जागा सोडावी लागली, तेव्हा ऐरोलीला जाण्यास विरोध झाला तो यामुळेच. पहाटे ससून डॉकवरून आलेला माल आणि दक्षिण मुंबईतील गिऱ्हाईक यांच्या मधोमध असणे, हेच त्यांचे भांडवल होते.

व्यापारही बदलला आहे. मुंबईतील फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये वाशीला गेला, पुण्यातील घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मागे उरला तो किरकोळ विक्रेता. त्याची स्पर्धा आता घरपोच भाजी देणाऱ्या ॲपशी आहे.

मग मंडई वाचली, असे कधी म्हणायचे?

मनोरा उजळला, दगड स्वच्छ झाला, पण आत कॅफे आणि भेटवस्तूंची दुकाने आली, तर इमारत वाचली, मंडई नाही. त्यामुळे नूतनीकरण जोखण्याच्या कसोट्या साध्या आहेत. पात्र विक्रेत्यांची यादी काम सुरू होण्याआधी जाहीर झाली का? परतीची मुदत आणि भाडे लेखी ठरले का? काम टप्प्याटप्प्याने, बाजार चालू ठेवून होत आहे का? पाणी, निचरा, शीतगृह, कचरा आणि मालाच्या टेम्पोसाठी जागा यांचा विचार झाला का? आणि दुरुस्तीनंतरच्या देखभालीसाठी दरवर्षी निधीची तरतूद आहे का? मोठ्या खर्चाची कामे या शेवटच्या प्रश्नावरच बहुधा फसतात.

१८७१ मध्ये मुंबईच्या करदात्यांनी हिशेब मागितला आणि पालिकेचा कारभार बदलला. पुण्यात फुले यांनी प्राधान्यक्रम विचारला. या दोन मंडयांवर आज होणाऱ्या खर्चालाही हेच दोन प्रश्न विचारायला हवेत. त्यांची उत्तरे पिशवी घेऊन भाजी आणायला येणाऱ्या माणसाला आणि टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला पटली, तर फुले यांचे नाव या इमारतींवर अधिक शोभून दिसेल.