मोबाईल घरात आला, हिशोब कुठे आहे?



२०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ नावाचे ॲप काढले. नोंदणी मोबाईलवर, कापूस केंद्रावर न्यायचा दिवसही मोबाईलवरच ठरवायचा. त्याआधी शेतात उभे राहून ई-पीक पाहणीचा फोटो काढायचा; ती पद्धत राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून आली. म्हणजे तलाठ्याचे आणि कारकुनाचे काम आपल्या घरात येऊन पडले. त्याची मजुरी मात्र कोणी देत नाही.

हे काम घरात करते कोण? बाप फवारणीला, माय निंदणाला. मग ते शाळेतल्या पोराच्या अंगावर येते. आर्णी तालुक्यातल्या एका गावी बैठकीला गेलो, तर दहावीतला मुलगा दोन दिवस शाळा बुडवून अर्ध्या गावाची नोंदणी करीत बसला होता. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा तो पाचवीत होता. मोबाईल हातात आला तो तेव्हाच. आता बोटे झरझर चालतात. मी त्याला विचारले, “तुमच्या कापसाला क्विंटलमागे खर्च किती आला?” त्याने बापाकडे पाहिले, बापाने आभाळाकडे.

खरे दुखणे इथे आहे. आपला पेरा किती, कोणत्या गटात, कोणत्या पिकाचा, हे सरकारला बसल्या जागी कळते. आपल्याला मात्र आपलाच उत्पादन खर्च ठाऊक नाही. माहिती खालून वर जाते आणि निर्णय वरून खाली येतो. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, पुढे ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपला कापूस घरात यायच्या नेमक्या वेळी! ॲपवरची नोंदणी सुरू झाली १ सप्टेंबरला. एका हाताने हमीभावाच्या रांगेत उभे केले, दुसऱ्या हाताने बाजार पाडायची वाट मोकळी केली. २०२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११० रुपये. पण ओलावा १२ टक्क्यांवर गेला की केंद्र कापूस घेत नाही. मग गाडी व्यापाऱ्याच्याच दारी जाते.

म्हणून मोबाईल फेकून द्यायचा का? मुळीच नाही. नवे तंत्र शेतकऱ्याला मिळालेच पाहिजे, ही आपली जुनी भूमिका आहे. पण तंत्र हाती येणे वेगळे आणि त्याचे ज्ञान हाती येणे वेगळे. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध होते, पंप होता. कशात काय मिसळायचे हे सांगणारा बहुतेक ठिकाणी विकणाराच होता. उद्या मोबाईलवरचा सल्लागारही विकणाराच असेल, तर फरक काय पडला?

आपले म्हणणे साधे आहे. ज्याला मोबाईल जमत नाही त्याची नोंदणी ग्रामपंचायतीत, कागदावर, फुकट झाली पाहिजे. मक्त्याने शेती करणाऱ्याचे आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईचे पीक तिच्या-त्याच्या नावाने नोंदले गेले पाहिजे. आणि शाळेच्या पोरांना कारकून करणे थांबले पाहिजे.

सरकार करील तेव्हा करील. आपले काम आजपासून. दहावी शिकलेल्या पोरी-पोरांनी घरचा जमाखर्च लिहायला घ्यावा : बियाणे, खत, औषध, निंदण, वेचणी, भाडे आणि घरच्या माणसांची मजुरीसुद्धा. कापसाचा वेगळा, ज्वारीचा वेगळा. वहीत लिहा की मोबाईलमध्ये, हरकत नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला तो हिशोब घेऊन या. भाव मागायचा तर आधी खर्च सांगता आला पाहिजे.