अनध्यायही शास्त्रोक्तच

वैद्याने आजन्म विद्यार्थी राहावे, याविषयी आपणा कोणाचेच दुमत नाही. आयुर्वेदाला पार नाही, म्हणून त्याच्या ठायी अप्रमत्तपणे सतत प्रयत्नशील असावे, असा उपदेश चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात केला आहे. बुद्धिमंताला सारे जगच आचार्य होय, हेही तेथेच सांगितले आहे. कार्यशाळांच्या उद्घाटनांत या वचनांचा आधार घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. मात्र त्याच आचार्यांनी सांगितलेली दुसरी बाजू आपण विसरत चाललो आहोत, असे आम्हांस नम्रपणे सुचवावेसे वाटते.

आज अनेक वैद्यांचा आठवडा कसा जातो? दिवसभर चिकित्सालय, रात्री नाडीपरीक्षेचा ऑनलाइन वर्ग, रविवारी अग्निकर्म-विद्धकर्माची कार्यशाळा आणि मधल्या वेळात व्हॉट्सअ‍ॅपवरील रुग्णचर्चा. २०२० च्या टाळेबंदीत वेबिनारांमुळे घरबसल्या शिकण्याची सोय झाली. परंतु घरी बसलो तरी शिकलेच पाहिजे, हा धाकही त्यांच्याबरोबर घरात शिरला. औषधालयांच्या चालकांची स्थिती निराळी नाही. नव्या कल्पांच्या परिचय-बैठका आहेत, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यापासून हिशेबाच्या नियमांचाही अभ्यास त्यांच्यामागे लागला आहे. जो भिंतीवर नवे प्रमाणपत्र लावत नाही तो मागे पडला, असा समज तरुण वैद्यांत रुजू लागला आहे.

शास्त्र काय सांगते? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील शिष्योपनयनीय अध्यायात अध्ययनाबरोबर अनध्यायही सांगितला आहे. दोन्ही पक्षांतील अष्टमी, चतुर्दशी आणि पंधरावी तिथी, दोन्ही संध्याकाळ, अकाली मेघगर्जना, महोत्सव अशा प्रसंगी अध्ययन करू नये. चरकसंहितेतही सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात, सद्वृत्त सांगताना, महोत्सव, भूकंप, संधिकाल आणि अमावास्या या वेळी अभ्यास वर्ज्य केला आहे. यामागे त्या काळचे धार्मिक संकेत होते, असा आक्षेप कोणी घेईल. ते मान्य करूनही एक गोष्ट उरते. त्या शिष्याला महिन्यातून सहा तिथी मोकळ्या मिळत. त्या मागाव्या लागत नसत आणि त्यांबद्दल संकोचही वाटत नसे.

चिंत्य हा मनाचा विषय. त्याचा समयोग स्वास्थ्याला आणि अतियोग विकृतीला कारण होतो. अतिचिंतनाने रसवह स्रोतस दुष्ट होते, हे आपण रुग्णांना रोज समजावतो. पूर्वीचे अन्न जिरण्यापूर्वी पुन्हा जेवणे याला आपण अध्यशन म्हणतो. मग कालची कार्यशाळा पचण्याआधी आज दुसरीत बसणे, याला काय म्हणावे? औषधनिर्माते बंधू तर हे हातांनी जाणतात. गोवऱ्या विझल्या म्हणून शरावसंपुट कोणी लगेच उघडत नाही. ते स्वांगशीत होऊ देतात. संधानाला ठेवलेले अरिष्ट रोज ढवळून पाहत नाहीत.

तथापि आमचे म्हणणे एवढ्यावर संपत नाही. विश्रांतीने अभ्यास अधिक चांगला होतो म्हणून विश्रांती घ्यावी, असे म्हटले की तीही अभ्यासाचीच दासी होते. सुश्रुताचार्यांनी स्वस्थाच्या लक्षणांत दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या साम्यासोबत आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नता सांगितली. ती प्रसन्नता कशासाठी, हे सांगितले नाही. ती स्वतःच स्वास्थ्य आहे. ओसरीवर बसून पाऊस पाहणे, शेजाऱ्याशी निरर्थक गप्पा, नातवंडांबरोबर पत्त्यांचा डाव, यांतून काही शिकायला मिळाले नाही तरी बिघडत नाही. रिकामपण म्हणजे दिवास्वाप मात्र नव्हे. ग्रीष्म ऋतू वगळता त्याचा निषेध आपण जाणतोच!

यात रुग्णाचेही हित गुंतले आहे. ‘थोडे मोकळे बसत जा’ असा सल्ला देणाऱ्या वैद्याचा भ्रमणध्वनी त्याच क्षणी वर्गाची आठवण करून देत असेल, तर रुग्णाने विश्वास कशावर ठेवावा? प्रश्नपरीक्षेला स्वस्थ कान लागतात, आणि ते कोणत्याही प्रमाणपत्राबरोबर मिळत नाहीत.

म्हणून आमची एक सूचना आहे. संघटनेच्या शाखांनी महिन्यातील एक रविवार अनध्यायाचा ठरवावा. त्या दिवशी व्याख्यान, कार्यशाळा, कंपन्यांची बैठक काहीही ठेवू नये. समूहावर रुग्णचर्चाही नको. आत्ययिक रुग्णसेवा अर्थातच सुरू राहील. त्या दिवशी काय केले, याचा अहवाल मात्र कोणी कोणाकडे मागू नये. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.